आदिनाथची पांढरी पाटी

सावरगाव, ता. मंठा, जि. जालना
२ नोव्हेंबर २०२५

कु. प्रियदर्शनी मॅडम यांस,
स.न.वि.वि.

आज रविवार. सकाळी ऊन होते. नऊनंतर ढग आले, अकराला गेले. साडेअकराला चारही जागांचे मोजमाप घेतले. कपाशीची पहिली वेचणी झाली आहे. सोयाबीनच्या जागेवर नुसती धसकटे आहेत. काळ्या रानाचा उघडा तुकडा आदिनाथने सांगितल्याप्रमाणे न पेरता ठेवला आहे. बांधावरचे गवत वाळत चालले आहे. दुपारी जेवण करून झोपलो. आता पाच वाजले आहेत.

सोबत ऑक्टोबरच्या पानांच्या झेरॉक्स आहेत. जागेवर, पेनने लिहायचे, मोबाईलमध्ये टाकायचे नाही, खाडाखोड झाली तर ती दिसली पाहिजे, हा आदिनाथचा नियम मी अजून पाळतो. दर वेळी उजेड मोजायचे मीटर आधी पांढऱ्या पाटीवर धरतो, मग जमिनीवर. पाटीला बोट लागू देत नाही. धूळ असली तर रबरी फुग्याने उडवतो.

ऑगस्ट आणि सप्टेंबरची पाकिटे मिळाली की नाही हे तुम्ही कळवले नाही. आदिनाथ होता तेव्हा पाकीट पोचले की त्याचा दोन ओळींचा कागद येत असे. 'भाऊ, पाने मिळाली. बारा तारखेला सात आहे की एक?' एवढेच, पण येत असे.

त्याला जाऊन साडेतीन महिने झाले. १५ ते २७ जुलै या तेरा दिवसांच्या पानांवर मी 'घेतले नाही' असे लिहिले आहे. कारण तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात त्याच्याजवळ तुम्ही होता. २८ जुलैपासून, पावसाचे दिवस सोडले तर, एकही दिवस चुकलेला नाही.

मला एकच विचारायचे आहे. जानेवारी २०२४ पासून पूर्ण दोन वर्षांची नोंद झाली की ती दुर्बिणीच्या लोकांकडे जाईल आणि त्याची शेवटची तारीख ३१ जानेवारी आहे, असे माझा भाऊ, आदिनाथ, सांगत होता. त्याच्या मागे हे काम कोण करणार आहे? कोणी करणार नसेल तर तसे स्पष्ट लिहा. फोन करू नका. मला फोनवर नीट बोलता येत नाही.

भागवत रखमाजी भुतेकर
प्रयोगशाळा परिचर


पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय भागवतकाका,
सा. न.

तिन्ही पाकिटं मिळाली. आधी कळवलं नाही, माझी चूक. आदिनाथ सरांची खोली सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांना दिली, त्यांची टपालं कुठल्या कुठल्या टेबलांवर गेली. मला नवे मार्गदर्शक मिळालेत. त्यांचा विषय वेगळा आहे. पण सरांचं काम मीच पूर्ण करणार, हे त्यांना सांगून ठेवलंय.

सर तुम्हाला किती सांगायचे मला माहीत नाही, म्हणून काय अडलंय ते नीट लिहिते. ही दुर्बीण अवकाशात जायला अजून पंधरा-वीस वर्षं आहेत. दुसऱ्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखे ग्रह आहेत का आणि तिथे काही जगतं का, हे ती बघणार. तारा त्याच्या ग्रहापेक्षा हजार कोटी पट तेजस्वी. त्याला झाकायचं आणि शेजारचा बारीक ठिपका पकडायचा. ना डोंगर दिसणार, ना समुद्र. फक्त ठिपका. त्याच्या उजेडातले रंग वेगळे करून हवा, पाणी, हिरवळ ओळखायची. हिरवं पान लाल उजेड खातं आणि त्याच्या पुढचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड परत फेकतं. ती खूण.

सरांचं म्हणणं होतं की हे सगळे अंदाज बारा महिने हिरव्या असणाऱ्या मुलखांवरून बांधलेत. तुमचं रान मे महिन्यात लांबून बघितलं तर कुणीही म्हणेल, इथे काही जगत नाही. दुर्बिणीनेही एखाद्या ग्रहाकडे त्याच्या 'मे महिन्यात' बघितलं आणि पुढे गेली तर? म्हणून त्यांना एक अट घालायची होती: जिथे हवा-पाणी सापडेल तिथे काही महिन्यांनी पुन्हा बघा. दुर्बिणीला काय काय जमलं पाहिजे, त्याची यादी आत्ता बनतेय. त्यात ही अट बसवायची तर कोरडवाहू रानाची दोन वर्षांची नोंद पुढे ठेवावी लागेल. तशी नोंद आमच्याकडे एकच आहे, तुमची.

आता अडचण. जुलैपर्यंतचे आकडे सुंदर आहेत. ऑगस्टपासून त्यांत पायऱ्या पडल्यात. १३ ऑगस्टला लाल उजेडाचा आकडा एकदम वाढतो आणि तसाच राहतो. मग ११ सप्टेंबरला पुन्हा. मग ११ ऑक्टोबरला. प्रत्येक पायरीला कपाशी थोडी थोडी मेल्यासारखी दिसते. आणि उघड्या मातीतही तेवढीच पायरी आहे. मातीत मरायला काही नाही, म्हणजे हे पिकाचं नाही. दोन पायऱ्यांमधलं अंतर एकोणतीस, तीस दिवस. मी चंद्राचं नाव काढलं तर सगळे हसले. भर दुपारच्या मोजणीत चंद्राचा काय संबंध!

राग मानू नका, पण मला विचारायला सांगितलंय. मोजणी रोज तुम्ही स्वतःच घेता का? काही पानं नंतर, आठवून लिहिली गेली का? इथे एक जण म्हणाले की आकडे मनाने लिहिणारा माणूस महिन्याला एकदा हात बदलतो.

तुमची,
प्रियदर्शनी


सावरगाव
२२ नोव्हेंबर २०२५

मॅडम,

पत्र मिळाले.

मी सव्वीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो. परीक्षेच्या दिवशी मुलांना आकडा आला नाही तर ती शेजारच्याचा उतरवतात. तो कसा दिसतो हे मला एका नजरेत कळते. मी एकही आकडा मीटरमध्ये पाहिल्याशिवाय लिहिलेला नाही. तेरा दिवस मोकळे सोडले ते यासाठीच. लिहायचेच असते तर ते तेरा दिवस लिहिले असते. कोण विचारणार होते?

जे गृहस्थ हात बदलण्याचे बोलले त्यांनी एक दिवस येऊन उभे राहावे. मधली सुट्टी पस्तीस मिनिटांची असते. शाळेच्या मागून आमच्या रानात जायला सात मिनिटे, यायला सात. डबा मी चालता चालता खातो. नवीन मुख्याध्यापकांना हे आवडत नाही. बांधावरचा कडूबा रोज विचारतो, "काय भागवतराव, मंगळावरून काही निरोप?" परवा मीटर जमिनीकडे धरलेले पाहून म्हणाला, "वरचं बघायचं यंत्र अन् तुम्ही खाली धरून राह्यले! म्हून तर काही सापडंना." वेचणीच्या बाया हसल्या. हे सगळे मी ऐकून घेतो. पुण्याहूनही तेच येईल असे वाटले नव्हते.

कपाशी मेलेली नाही. पाने लालसर होत आहेत, पण झाड उभे आहे. तुमचे आकडे काहीही म्हणोत.

तुमचे पत्र आल्यावर मी नोव्हेंबरची पाने काढून पाहिली. ९ तारखेला पायरी आहे. हे मी कबूल करतो. तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते, कारण मी रोजचा आकडा लिहितो, कालचा पाहत नाही. हाही आदिनाथचाच नियम, की कालचा पाहिला की आजचा तसा दिसायला लागतो. मीटरचे सेल बदलले, काच पुसली. फरक नाही. यंत्र बिघडले असेल तर ते तुमचे आहे, तुम्ही पाहावे.

भा. र. भुतेकर


पुणे
१ डिसेंबर २०२५

आदरणीय काका,

माफ करा. तो प्रश्न माझा नव्हता, पण पाकिटात मीच घातला. तुमचं पत्र मी त्या गृहस्थांना वाचून दाखवलं. मोकळ्या सोडलेल्या तेरा पानांचं ऐकल्यावर त्यांनी ती पानं मागून घेऊन स्वतः पाहिली.

मीटर बिघडलेलं नाही. तसं असतं तर त्याचे आठही रंगांचे आकडे हलले असते. इथे फक्त लाल आणि त्याच्या आसपासचे हलतात. म्हणजे संशय पाटीवर येतो. आपण जमिनीचा उजेड पाटीच्या उजेडाशी ताडून बघतो. पाटी लाल उजेड कमी फेकायला लागली तर जमिनीवर तो जास्त आहे असं वाटतं, आणि हिरवं रान वाळल्यासारखं दिसतं. पाटी ओली झाली होती का? कुणी पुसली, धुतली? कधी, किती वेळा आणि कशानं, एवढं कळलं तर मी आकडे सुधारू शकेन. त्याला तीन आठवडे लागतील. यादीवाल्यांना जानेवारीच्या मध्यापर्यंत कच्चा कागद दाखवायचाय.

माझा चंद्र खरा असेल तर पुढची पायरी ८ किंवा ९ डिसेंबरला पडेल. त्या दिवशी पाटीवर लक्ष ठेवाल का?

प्रियदर्शनी


सावरगाव
१० डिसेंबर २०२५

मॅडम,

पाटी मीच पुसत होतो. दर महिन्याच्या एक तारखेला, ओल्या फडक्याने. धूळ फुग्याने जात नव्हती. तुम्हाला लिहिले तेव्हा हे सांगायचे राहिले. चूक माझी आहे. यापुढे होणार नाही.

त्याप्रमाणे आकडे सुधारून घ्यावेत.

भा. र. भुतेकर


पुणे
१७ डिसेंबर २०२५

काका,

दोन दिवस तुमच्या एक तारखा धरून बसले. एकाही एक तारखेला काही हललेलं नाही. सगळं ९ ला, ११ ला, १३ ला हलतं. आणि ओल्या फडक्यानं पाटी निळी होत नाही. आकडे स्पष्ट सांगतायत, तिच्यावर निळा रंग बसतोय, थोडा थोडा, दर वेळी तेवढाच.

मी तुम्हाला चार वेळा फोन केला. नको म्हणाला होतात, तरी केला. तुम्ही उचलला नाही.

तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय. कुणाला ते मी विचारत नाही. पण तुम्ही मनानं तारखा दिल्यात, काका, तुम्ही! मोकळी पानं मोकळी सोडणाऱ्या माणसानं! सरांच्या कामात आता फक्त तुमचा आणि माझा शब्द उरलाय. माझ्याकडे पंचवीस दिवस आहेत. खरं काय ते सांगा, नाहीतर ऑगस्टपासूनचं सगळं मी कापून टाकते आणि दोन वर्षांची नोंद दीड वर्षाची होते. मग अट विसरायची.

प्रियदर्शनी


सावरगाव
२४ डिसेंबर २०२५

चि. प्रियदर्शनी,

तू लिहिलेस ते बरोबर आहे. मी खोटे लिहिले.

९ तारखेला तू सांगितल्याप्रमाणे लक्ष ठेवायचे म्हणून मी पाचला उठलो. आमची आई, झुंबरबाई, मोरीजवळच्या दगडापाशी बसली होती. समोर बादलीत निळीचे पाणी. आदिनाथचा पांढरा शर्ट पिळून ठेवलेला. पाटी तिच्या हातात होती आणि ती पाटीला पाण्यात बुडवत होती.

मी म्हणालो, "आई, हे काय करून राह्यली?"

"दिसंना का? आदूची पाटी धुऊन राह्यले."

"ती धुवायची न्हाई. हात सुदिक लावायचा न्हाई तिला."

"मला कव्हा सांगितलं तू? तू बोलतो का घरात? पाच महिने झाले, त्याचं नाव तरी काढलं का? येतो, जेवतो, पेपर घेऊन बसतो." मग शर्ट झटकत म्हणाली, "आज पंचमी हाय. शर्ट पांढराफेक अन् पाटी मळकी, असं ठेवू का फोटोपुढं? लोक काय म्हणतील, मायला लेकराची पाटी धुवाया झालं न्हाई!"

पाटी मळकी नव्हती. पण तिला ते सांगून उपयोग नव्हता.

आदिनाथ आषाढ वद्य पंचमीला गेला. वर्षश्राद्ध होईपर्यंत दर महिन्याच्या वद्य पंचमीला आई त्याचे मासिक करते. नैवेद्य ठेवते, कावळ्याला घास देते, हे मला माहीत होते. त्याचा शर्ट, चष्मा आणि पाटी धुऊन फोटोपुढे मांडते आणि मी उठायच्या आत पाटी पुसून पेटीत ठेवून देते, हे माहीत नव्हते. शर्ट निळीत घालते म्हणून पाटीही त्याच पाण्यात. तुझ्या तारखा मी कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. १३ ऑगस्ट, ११ सप्टेंबर, ११ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, ९ डिसेंबर. प्रत्येक तारखेला पंचमी आहे. तू चंद्र म्हणालीस ते खरे होते. तिथी चंद्रावरच चालते. सव्वीस वर्षे मी चंद्राच्या कलांचा तक्ता वर्गात टांगतो आहे आणि हे मला सुचले नाही. तुमच्याकडे इतके लोक चंद्राचे शिकलेले, त्यांनाही सुचले नाही.

खोटे का लिहिले तेही लिहितो. पुण्याच्या कागदावर आईचे नाव चूक म्हणून जाऊ नये असे वाटले. आणखी एक आहे. १० जुलैला आदिनाथचा शेवटचा फोन आला होता. जूनमधली दोन पाने कोरी का, असे त्याने विचारले. मी म्हणालो, तुझ्या पाटीपायी माझी जेवणाची सुट्टी जाते, तू तिकडे पंख्याखाली बसून आकडे मोज. तो म्हणाला, "बरं भाऊ." त्यानंतर बोलणे झाले नाही. आता त्याच पाटीवरून आईला बोलायचे माझ्याने झाले नाही.

काल बोललो. मला वाटले होते ती रडेल. तिने विचारले, "माझ्यामुळं त्याचं काम बुडालं का?"

मी म्हणालो, "न्हाई. पण कसं धुतलं ते बराबर सांगितलं तर वाचंल."

मग तिने सांगितले, ते तिच्याच शब्दांत लिहून घेतले आहे. "दर पंचमीला. एक बी चुकली न्हाई. बारकी बादली, गळ्यापर्यंत पाणी. निळीचे चार थेंब. आधी शर्ट, मंग पाटी. तीनदा बुडवायची, तीनदाच. साबण बिलकुल न्हाई, साबणानं तडे जात्यात. ऊन लागू द्यायचं न्हाई, पदरानं टिपायची." लिहिलेले तिने दोनदा वाचून घेतले. एके ठिकाणी मी 'चार-पाच थेंब' लिहिले होते. तिने पाच खोडायला लावले.

पाटी आणि निळीची बाटली सोबत पाठवतो. पाटी तिनेच बांधून दिली. पुढच्या पंचमीला फोटोपुढे काय ठेवायचे, असे तिने विचारले. "तिकडल्याला सांग," म्हणाली, "काम झालं की वापस पाठव म्हणावं."

पाटी इथे नाही, त्यामुळे उद्यापासून मोजमाप बंद.

भागवत


पुणे
३० जानेवारी २०२६

भागवतकाका,

आईंची माहिती अचूक निघाली. सरांनी ज्या फळीतून पाटी कापली होती तिचा उरलेला तुकडा त्यांच्या कपाटात सापडला. तशीच बादली, तीच नीळ, चार थेंब, तीनदा. पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी तेवढीच पायरी पडली, तुमच्या नोंदीशी जवळजवळ तंतोतंत. हात बदलण्याचं बोललेले ते गृहस्थ स्वतः बघायला आले होते. म्हणाले, "ह्या बाईंना प्रयोगशाळेत घ्यायला हवं होतं." मी सगळे आकडे सुधारले आणि १३ तारखेला पाठवले.

मला वाटलं, जमलं.

परवा उत्तर आलं. १४ जुलैपर्यंतची दीड वर्षाची नोंद त्यांनी घेतली, सरांच्या नावानं. त्यापुढची घेतली नाही. साधन मधल्या काळात घरी धुतलं गेलं, सबब सुधारलेले आकडे पुरावा म्हणून चालणार नाहीत. मी तीन पानांचं उत्तर लिहिलं, प्रयोगाचे फोटो जोडले. त्यांनी दोन ओळींत नाही म्हटलं. वर लिहिलं की, कल्पना रोचक आहे. एकाच पावसाळ्याचा पुरावा असल्यामुळे 'पुन्हा बघा' हे वाक्य यादीत सूचना म्हणून जाईल, अट म्हणून नाही. सूचना म्हणजे काय ते तुम्हाला सरकारी शाळेत सांगायला नको. वेळ आणि पैसा उरला तर.

सरांना हे कसं सांगितलं असतं, असा मी दोन दिवस विचार करतेय. हे लिहिताना चिडचिड होतेय आणि ती तुमच्यावर काढायची नाही, म्हणून मध्ये तीनदा उठले.

यादी २०२८ मध्ये पुन्हा उघडेल. तेव्हा सलग दोन वर्षं हवीत, एकाच पाटीवर, तेरा दिवसांचीही फट न पडता. आता सुरू केलं तरच जुळतं. नवी पाटी सोबत पाठवतेय, जुनीही पाठवतेय. जुनी आता मोजायच्या कामाची नाही. ती आईंना द्या.

नवीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. तेवढा हक्क मला नाही.

तुमची,
प्रियदर्शनी


सावरगाव
८ फेब्रुवारी २०२६

चि. प्रियदर्शनी,

पत्र आणि दोन्ही पाट्या बुधवारी मिळाल्या. लगेच उत्तर लिहायला घेतले होते, पण ते चांगले उतरले नाही म्हणून फाडले.

पुन्हा एकदा दोन वर्षे. ते लोक किती सहज लिहितात. मी पुढच्या वर्षी मे महिन्यात निवृत्त होतो. त्यानंतर शाळेच्या आवारातून रानात जायची वाट मला मिळेल की नाही, सांगता येत नाही. नवीन मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत बाहेर जायचे तर वहीत सही करून जा असे सांगितले आहे. काळा तुकडा आणखी दोन वर्षे पडीक ठेवायचा म्हटल्यावर आमच्या मंडळींनी, द्वारकाबाईंनी, हात जोडले. चार थेंब म्हणजे चार थेंब हे कळणारी बाई त्यांना पुरावा म्हणून चालत नाही, आणि रोचक हा शब्द चालतो. मला फार राग आला आहे. तो कोणावर काढावा हे कळत नाही. आदिनाथवर काढायची सवय होती.

आईला सगळे समजावून सांगितले. तिला दुर्बिणीचे काही विचारायचे नव्हते. ती एवढेच म्हणाली, "पुन्हा बघा म्हणायला एवढे कागद लागतात का? पेरलेलं उगवलं न्हाई तर माणूस चार दिसांनी पुन्हा बघाया जातोच की." हे तुझ्या तीन पानांत घातले असतेस तरी त्यांनी नाहीच म्हटले असते.

परवा शुक्रवारी पंचमी होती. मी अर्धी रजा टाकली. आई पहाटे मोरीजवळ बसली तेव्हा बादली मी भरून दिली. शर्ट तिने धुतला, पाटी माझ्या हातात दिली. मी तीनदा बुडवली. मग फोटोपुढे दोघे बसलो. आदिनाथ लहानपणी भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायचा, ते तिने सांगितले. मला ते आठवत होते. मी हो म्हणालो. नंतर मी, तो दहावीला असताना सायकल घेऊन मंठ्याला गेला आणि सायकल तिथेच विसरून एसटीने परत आला, ते सांगितले. आई हसली. त्या घरात त्याच्याबद्दल मी बोललो ते सात महिन्यांत पहिल्यांदा.

तू विचारलेस त्याचे उत्तर हो किंवा नाही असे मला लिहिता येत नाही. लिहिले की तुम्ही लोक त्याची अट करता.

आज रविवार आहे. शाळा बंद. प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून सकाळी जेवण करून इथे येऊन बसलो आहे. मंठ्याहून तीनशे पानी वही आणली आहे. ती आखतो आहे. छापील रकान्यांच्या वह्या मिळतात, पण त्यांत चार जागा आणि आठ आकडे बसत नाहीत. पट्टी धरून एका पानावर तेरा रेघा ओढाव्या लागतात. शाई वाळल्याशिवाय पान उलटले की समोरच्या पानावर डाग पडतो, म्हणून वेळ जातो. आतापर्यंत एकोणीस पाने झाली.

विसावे वाळेपर्यंत हे पत्र लिहिले. ते वाळले आहे. आता पुढचे घेतो.

भागवत